आस्था आहे, पण पंखा एप्रिलात बंद पडतो

संपादक महोदय,

पर्यावरणपूरक वस्तू लोक का घेत नाहीत, या प्रश्नाला ‘जागृती कमी पडते’ हे उत्तर ठरलेले आहे. आम्ही घरगुती विजेची उपकरणे, त्यांची दुरुस्ती आणि ग्राहक-मार्गदर्शन या कामातली मंडळी. आम्हाला हे उत्तर पटत नाही. जागृती भरपूर आहे. शाळकरी मुलेसुद्धा वीज वाचवण्यावर निबंध लिहितात. पण दुकानाच्या काउंटरवर वेगळेच चार प्रश्न निकाल लावतात. वस्तू कधी घ्यावी लागते? बिल कोण भरतो? बसवणार कोण? आणि बिघडली तर नीट कोण करणार? छताचा पंखा जवळपास प्रत्येक घरात असतो आणि हे चारही प्रश्न त्यात दिसतात, म्हणून पत्र मुख्यतः पंख्याबद्दल आहे.

आधी आकडे. आपल्याकडचा नेहमीचा १२०० मिलिमीटरचा (म्हणजे ४८ इंची) पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॉट खातो. बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा पंखा साधारण तेवढीच हवा देतो, पण २८ ते ३५ वॉटमध्ये. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये फिरत्या भागातही वीज खेळवावी लागते आणि तिचा बराचसा भाग उष्णता होऊन जातो. म्हणूनच तो तासभर चालला की मधला डबा हाताला गरम लागतो. बीएलडीसीत फिरत्या भागाला कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि वीज फक्त आतल्या स्थिर कॉइलना, एका इलेक्ट्रॉनिक कार्डामार्फत, हवी तेव्हा हवी तेवढीच मिळते. त्यामुळे हा डबा जवळपास थंड राहतो.

आता हिशेब. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस पंखा चालतो असे धरू. ७५ वॉटचा पंखा २७० युनिट खाईल, ३० वॉटचा १०८. फरक १६२ युनिटचा. या १६२ युनिटचे रुपये किती हे घराघरावर अवलंबून आहे, आणि नेमकी हीच गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. महिन्याला पहिली १०० युनिट स्वस्त, त्यापुढची बरीच महाग. बचत नेहमी वरच्या टप्प्यातून वजा होते. ज्यांचा वापर २०० युनिटच्या आसपास आहे, त्यांना वाचलेले युनिट सगळे आकार धरून समजा १२ रुपयांना पडते. ज्यांचा वापर ६०-७० युनिट आहे त्यांना समजा ६ रुपयांना. पहिल्या घरात वर्षाला १,९४४ रुपये वाचतात, दुसऱ्या घरात ९७२. दोन पंख्यांच्या किमतीत १,४०० रुपयांचा फरक असेल, तर पहिल्या घरात तो नऊ महिन्यांत वसूल होतो, दुसऱ्या घरात सतरा महिने लागतात. म्हणजे ज्याच्याकडे रोख कमी, त्याचेच पैसे जास्त दिवस अडकतात. अशा घरात कोणी साधा पंखा घेतला, तर त्याला बेफिकीर म्हणण्याआधी त्याच्या बिलाची मागची बाजू वाचावी. दर बदलत राहतात. आपला दर बिलावर छापलेला असतो, तोच या गणितात घालावा.

याच गणिताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसाला तासभर चालत असेल, तर वर्षाला साडेतेरा युनिट वाचतील. म्हणजे शे-दीडशे रुपये. तो चालता पंखा उतरवून नवा लावणे हा हौसेचा खर्च झाला, त्याला पर्यावरणाचे नाव देऊ नये. सबंध घराचे पंखे एकदम बदलणाऱ्या उत्साही लोकांना आम्ही नेहमी थांबवतो. आधी निजायच्या खोलीतला, मग बसायच्या खोलीतला. बाकीचे आपापल्या मरणाने मरू द्यावेत. आणि उतरवलेला जुना पंखा गॅलरीत किंवा गावाकडच्या घरी पुन्हा टांगला, तर वापरात भर पडली, बदल झाला नाही. तो भंगारात द्यावा. आतल्या तांब्यामुळे त्याला वजनावर बरी किंमत येते.

आता पहिला प्रश्न, वेळेचा. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन ही आपल्याकडे मुहूर्ताची खरेदी. पाडवा, दसरा, दिवाळीचा बोनस. चार दुकाने फिरून, घरातल्या सगळ्यांनी बघून वस्तू घेतली जाते. पंख्याला मुहूर्त नाही. तो एप्रिलच्या दुपारी बंद पडतो, घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असते, आणि संध्याकाळपर्यंत हवा हवी असते. इलेक्ट्रिशियनला फोन जातो, तो येताना कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून ‘आहे तो’ घेऊन येतो. ग्राहकाने वॉटचा आकडा विचारलेलाच नसतो. सर्वेक्षणात ‘पर्यावरणासाठी जास्त पैसे मोजाल का?’ असे विचारले तर हेच गृहस्थ मनापासून ‘हो’ म्हणतील, आणि ते खोटेही नसेल. प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा पंखा चालू होता.

यावर उपाय अगदी साधा आहे. पंखा हळू फिरू लागला की तो सूचना देतो आहे असे समजावे. बहुतेक वेळा कंडेन्सर (मोटरला जोर देणारा छोटा सुटा भाग) उतरलेला असतो. साध्या पंख्याला सहसा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो आणि तो थोडक्या पैशांत, दहा मिनिटांत बदलता येतो. कंडेन्सर बदलूनही वेग येत नसेल, किंवा बेअरिंगचा घर्र आवाज आणि तापणे सुरू झाले असेल, तर मोटर थकली. वायंडिंगला (मोटरच्या तारा नव्याने गुंडाळण्याला) पैसे घालण्याआधी त्याच आठवड्यात नवा पंखा निवडून ठेवावा, बंद पडायची वाट पाहू नये. फेब्रुवारीत ही पाहणी केली तर एप्रिलची पळापळ टळते.

दुसरा प्रश्न बिलाचा. शहरांत मोठा वर्ग अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. पंखा घरमालकाने लावायचा, बिल भाडेकरूने भरायचे. मालक सर्वांत स्वस्त पंखा लावणार हे उघड आहे, आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या छतावर तीन हजार रुपये टांगायचे नसतात. दोघांच्याही मनात पर्यावरणाविषयी आस्था असली तरी व्यवहाराची रचनाच उलटी आहे. नव्या इमारतीत बिल्डर पंखे देतो तेव्हाही हेच होते. भाडेकरूंना एक करता येते: स्वतःचा पंखा लावावा, मालकाचा काढलेला पंखा पात्यांसकट खोक्यात माळ्यावर ठेवावा, करारातल्या सामानाच्या यादीत तशी नोंद करून घ्यावी आणि जाताना पुन्हा अदलाबदल करावी. हुक तोच, अर्ध्या तासाचे काम. मात्र पाती मिसळू नयेत. प्रत्येक पंख्याची तीन पाती वजनाने एकमेकांशी जुळवलेली असतात. एकाचे पाते दुसऱ्याला लावले की पंखा डुलतो, आणि दोष नव्या पंख्याच्या माथी येतो.

बसवणाऱ्याचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. बीएलडीसी पंख्याबद्दलच्या आम्हाला दिसणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा पंख्यात नसते, भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमध्ये असते. या पंख्याचा वेग आतले कार्ड ठरवते. त्याला पूर्ण, अखंड पुरवठा हवा असतो. इलेक्ट्रिशियनने जुना रेग्युलेटर तसाच ठेवून जोडणी केली आणि कोणी सवयीने तो दोनवर फिरवला, की पंखा गुणगुणतो, थांबत-थांबत फिरतो, रिमोटला दाद देत नाही, आणि काही महिन्यांत कार्ड जाते. मेनस्विच बंद करून रेग्युलेटर काढावा, त्याच्या दोन्ही तारा एकत्र जोडून टेप मारावा आणि बोर्डावर कोरी पट्टी बसवावी. रेग्युलेटरच हवा असेल, तर रेग्युलेटरवर चालणारी बीएलडीसी मॉडेल मिळतात. खोक्यावर तसे लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे. जोडणी करणाऱ्याला हे माहीत आहे का, हे दोन वाक्यांत विचारून खात्री करावी.

रिमोट हे आणखी एक दुखणे. तंत्रज्ञांना ती सोय वाटते. सत्तरीच्या आजींना पंखा लावायला चष्मा शोधावा लागतो. रिमोट गादीखाली, सोफ्यात, नातवाच्या दप्तरात. मग ‘आपला जुना बरा होता’ हे वाक्य घरात रुजते आणि पुढचे तीन पंखे साधे येतात. हा हट्ट नव्हे. ज्या हाताला चाळीस वर्षे भिंतीवरच्या बटणाची सवय आहे, त्याला बटणच द्यायला हवे. पुष्कळ मॉडेलमध्ये भिंतीवरचे बटण झटपट बंद-चालू केले की वेग बदलतो. ही सोय माहितीपत्रकात शेवटच्या पानावर दडलेली असते आणि बसवणारा ती कधी दाखवत नाही. रिमोटची खोबण पलंगाजवळ उठल्या-बसल्या हात पोचेल अशी ठोकावी, स्विचबोर्डाच्या उंचीवर नको.

आणि दुरुस्ती. इथे आम्ही ग्राहकाच्या शंकेच्या बाजूने आहोत. साधा पंखा जळाला तर तालुक्याच्या गावात वायंडिंग करणारा दोन दिवसांत उभा करून देतो. बीएलडीसीचे कार्ड गेले तर त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे कार्ड लागते. वळवाच्या पावसात वीज कडाडली की अशी कार्डे जातात. शहरात माणूस दोन-तीन दिवसांत येतो. आडगावात तो कधी येईल हे फोनवरची बाईही सांगू शकत नाही. त्यामुळे ग्रामीण ग्राहक साध्या पंख्याकडे वळतो, हे त्याचे अज्ञान म्हणता येणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे (दुरुस्तीच्या हक्काचे) पोर्टल सुरू केले, पण कार्ड बाजारात सुटे मिळू लागेल तेव्हाच त्याचा उपयोग पंख्यापर्यंत पोचेल. तोवर घेतानाच तीन गोष्टी पाहाव्यात: वॉरंटीत इलेक्ट्रॉनिक कार्डही धरले आहे की फक्त मोटर, आपल्या पिनकोडवर घरी येऊन सेवा मिळते का, आणि बिलावर मॉडेल व अनुक्रमांक लिहिला आहे का. वादळात पंख्याचे बटण नव्हे, मेनस्विच बंद करावा.

गंमत अशी की ज्या ग्रामीण भागात दुरुस्ती अवघड, तिथेच या पंख्याचा फायदा जास्त आहे, आणि त्या फायद्याचा पर्यावरणाशी काही संबंध नाही. संध्याकाळी विजेचा दाब उतरला की साधा पंखा रेंगाळतो. बीएलडीसी कार्डामुळे वेग टिकवून धरतो. इन्व्हर्टरवर तर फरक डोळ्यांत भरतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-अवर असतात, गळती आणि राखीव साठा वगळून हाताशी साधारण १,१०० येतात. ७५ वॉटचे तीन पंखे त्यावर जेमतेम पाच तास चालतात. ३० वॉटचे तीन पंखे बारा तास. स्वस्त, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर साधा पंखा गुणगुणतो, तेही थांबते. ‘वीज गेली तरी रात्रभर हवा’ एवढे एक वाक्य भारनियमन सोसलेल्या गावात पृथ्वी वाचवण्याच्या शंभर घोषणांपेक्षा जास्त पंखे खपवील. विक्रेत्यांना हे कळते. सरकारी पोस्टर लिहिणाऱ्यांना मात्र अजून कळलेले नाही.

मानसशास्त्रज्ञ आइझेक अज्झेन यांनी १९९१ च्या लेखात मांडलेल्या सिद्धान्तात माणसाचा बेत तीन गोष्टींवर ठरतो: त्याचे स्वतःचे मत, चार लोक काय म्हणतील ही जाणीव, आणि ते करणे आपल्या हातात आहे असे वाटणे. आपल्या मोहिमा फक्त पहिल्यावर मेहनत घेतात. दुसरी गोष्ट पंख्याच्या बाबतीत लंगडी आहे, कारण कोणाच्या घरी गेल्यावर ‘पंखा किती वॉटचा?’ असे कोणी विचारत नाही. फ्रिजला ‘किती लिटर, किती दारी?’ असे विचारतात. तिसरी गोष्ट वरच्या सगळ्या रेग्युलेटर, रिमोट आणि कार्डाच्या कथेत अडकली आहे.

एलईडी बल्बचे उदाहरण यावर प्रकाश टाकते (हा विनोद क्षम्य मानावा). जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची उजाला योजना सुरू झाली. घाऊक खरेदीमुळे सरकारी कंपनीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्याही खाली आला आणि योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. या काळात भारतीय माणसाचे निसर्गप्रेम आठ पटींनी वाढले असे कोणी म्हणणार नाही. किंमत उतरली, बल्ब वीजबिल भरायच्या ठिकाणीच मिळू लागला, जुन्याच होल्डरमध्ये बसला आणि बसवायला कोणाला बोलवावे लागले नाही. पंख्याला यातले एकही भाग्य पुरते लाभलेले नाही.

तारांकनाविषयीही (स्टार रेटिंगविषयी) दोन शब्द, कारण तिथे गैरसमज फार. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन सक्तीचे आहे. पंख्याचे तारे त्याच्या सेवा-मूल्यावर ठरतात, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले वॉट. २२० घनमीटर हवा ३२ वॉटमध्ये देणाऱ्याचे मूल्य ६.९ येते, तेवढीच हवा ७५ वॉटमध्ये देणाऱ्याचे २.९. वॉट कमी पण हवाही कमी, असा पंखा घेऊन फसू नये. ४८ इंची पंख्याला २१० घनमीटरपेक्षा कमी हवा मान्य करू नये. लेबलवर वैधतेचा काळही छापलेला असतो. निकष मधूनमधून कडक होतात, तेव्हा जुने पाच तारे चारवर येतात. जुलै २०२२ मध्ये एसीच्या बाबतीत तसे झाले. दुकानातला मागच्या काळाचा ‘फाइव्ह स्टार’ सवलतीत मिळतो तो त्यामुळेच.

फ्रिजमध्ये तारे आणखी फसवतात. तारांकन त्या-त्या प्रकारात आणि आकारात असते. चारशे लिटरचा पाच तारांचा फ्रिज १९० लिटरच्या तीन तारांच्या साध्या फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तारे मोजू नयेत, लेबलवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा वाचावा. घर चौघांचे आणि फ्रिज बाराजणांचा, ही आपली राहणी कोणतेही लेबल दुरुस्त करू शकत नाही. एसीचेही तसेच. जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी सुरू होताना २४ अंशांवर येतात, आणि ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. पण घरात शिरताच पहिला हात १८ वर जातो. २६ अंश आणि वर मंद पंखा ही जोडी अंगाला तितकीच सुखाची आहे. पांघरूण घेऊन एसीत झोपण्याची ऐट सोडवत नाही, हे खरे कारण.

‘इको’, ‘ग्रीन’, ‘निसर्गस्नेही’ हे शब्द खोक्यावर छापायला काही लागत नाही, अशी समजूत आतापर्यंत होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दावा केला तर पुरावा द्यावा लागतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना १९९१ पासून आपल्याकडे होती, पण ते मडके दुकानात पाहिलेला ग्राहक शोधून सापडत नाही. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने आले आहेत.

कापडी पिशवीची गोष्ट उलटी. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि पिशवी ही दाखवायची वस्तू झाली. हळदीकुंकवाला पिशवी, संमेलनाला पिशवी, दुकानाच्या उद्घाटनाला पिशवी. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालानुसार हवामानावरच्या परिणामात एकदा वापरायच्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी साधायला सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते. कपाटात पंचवीस पिशव्या घडी करून ठेवलेल्या, आणि भाजीवाल्यासमोर हात रिकामा. दोन पिशव्या स्कूटरच्या डिकीत कायमच्या आणि एक दाराच्या कडीला, एवढ्याने काम भागते. छापील पिशवी भेट म्हणून आली तर नम्रपणे परत करावी.

पंख्यांकडे परत येऊन तीन मागण्या नोंदवतो. वीज कंपन्यांनी तारांकित पंखा बिलातल्या हप्त्यांवर द्यावा. महिन्याला १५० रुपयांचा हप्ता वरच्या टप्प्यातल्या घरात बचतीतूनच फिटतो. आयटीआयच्या वायरमन अभ्यासक्रमात बीएलडीसी जोडणी आणि कार्ड तपासणीचे प्रात्यक्षिक सक्तीचे व्हावे. तिसरी मागणी आपल्याकडे, संपादक महोदय. उन्हाळा लागला की आपल्या वृत्तपत्रात पंख्यांच्या पानभर जाहिराती येतात. त्यांत अभिनेता असतो, पात्यांचा रंग असतो, सवलतीची टक्केवारी असते. वॉट आणि घनमीटर हे दोन आकडे वाचता येतील एवढ्या अक्षरांत छापण्याची अट आपला जाहिरात विभाग घालू शकेल काय?

कळावे.

आपले,
घरगुती वीज उपकरणे व ग्राहक-मार्गदर्शन क्षेत्रातील काही वाचक